भुसावळचं मैदान आणि डावीकडचं भगदाड

भुसावळला हॉकी बघायला गेलात तर मांडवात बसू नका. मांडव मध्यरेषेवर असतो. तिथे सोफे असतात, पाण्याच्या बाटल्या असतात, अध्यक्षांचे पाहुणे असतात, आणि सामन्यातलं फारसं काही दिसत नाही. बचाव बघायचा तर गोलपोस्टच्या मागे, जाळीपासून पंधरा-वीस पावलं लांब, कुंपणाला टेकून उभं राहायचं. ऊन तोंडावर येतं, मुरुमाची धूळ खावी लागते, आणि दीडशे ग्रॅमच्या वरचा टणक चेंडू कधी अंगावर येईल ते सांगता येत नाही. पण फुलबॅक, म्हणजे गोलीसमोरचा शेवटचा बचावपटू, पाऊल कुठे टाकतो ते फक्त तिथूनच कळतं.

सुरतेकडून तापी खोऱ्याच्या लाईनने आलो. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव करत ही लाईन भुसावळला टेकते. थंडीच्या दिवसांत हा प्रवास सुसह्य असतो. एप्रिल-मे महिन्यात मात्र शत्रूलाही सांगू नये. डब्यात गर्दी एवढी की पाय सरळ करायची सोय नाही, पण अनोळखी माणसाच्या हातात शेंगांची मूठ न विचारता ठेवायची पद्धत इकडे अजून शाबूत आहे. वाट वाकडी करून पाटणादेवी आणि पद्मालय उरकलं, दोन्ही छान, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. स्टेशनजवळच्या लॉजची गादी वाईट होती. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली म्हणून लॉज माफ.

सामना दुपारी दोनचा होता. साडेतीनपर्यंत सत्कार चालले. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. तोवर सकाळी आखलेली फक्की वाऱ्याने उडून डीची, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलाची, रेघ अर्धी पुसट झाली होती, आणि कोणालाही ती पुन्हा मारावीशी वाटली नाही. हॉकीत ही रेघ म्हणजे शोभा नव्हे. गोल धरायचा की नाही, फाऊलवर पेनल्टी कॉर्नर द्यायचा की फ्री हिट, सगळं त्या रेघेवर ठरतं. ती दिसत नसेल तर अंपायर अंदाजाने शिट्टी वाजवतो आणि दोन्ही संघ त्याच्यावर ओरडतात. तसंच झालं.

मैदानावर गतविजेता संघ होता, आणि त्यांचा जुना डावा फुलबॅक या मोसमापासून खेळत नव्हता. सगळे त्याला आप्पा म्हणतात. गुडघे गेले, म्हणून थांबला. आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कुंपणाच्या आत बसलेला. मांडवातली चर्चा अशी की आप्पाची टॅकल नाही, आता बचाव ढिला. पण पहिल्या पंधरा मिनिटांत नव्या पोराच्या टॅकल मोजल्या तर त्या आप्पापेक्षा कमी नव्हत्या, बहुधा जास्तच होत्या. गडबड नेमकी तिथेच होती. चांगल्या डाव्या फुलबॅकला एवढ्या टॅकल कराव्याच लागत नाहीत.

हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट असते आणि डावखुऱ्या काठीला नियमात जागा नाही. त्यामुळे चढाई करणाऱ्याला स्वतःच्या उजवीकडून निघणं सोयीचं, आणि समोरच्या बचावपटूची डावी बाजू, म्हणजे काठी उलटी करून खेळायची रिव्हर्सची बाजू, कायम दुबळी. चढाया बचावाच्या डाव्या अंगाने जास्त येतात त्या म्हणून. डाव्या फुलबॅकने अशा वेळी विंगरच्या, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्याच्या, नाकासमोर उभं राहायचंच नसतं. अर्धं-एक पाऊल साइडलाइनकडे सरकायचं, बाहेरची वाट बंद करायची आणि विंगरला आत, आपल्या फोरहँडवर, म्हणजे काठीच्या सुलट बाजूवर, यायला भाग पाडायचं. आत सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीतला मधला गडी, उभा असतोच. म्हणजे चेंडू खरं तर सेंटर हाफ काढतो आणि टाळ्या त्याला पडतात. आप्पाने कित्येक वर्षं हेच केलं.

नवा पोरगा पाय चपळ असलेला, दमाचा, पण गेल्या वर्षापर्यंत उजव्या हाफला खेळलेला. उजव्या बाजूला विंगरला बाहेर, साइडलाइनकडे ढकलणं बरोबर असतं, कारण तिथे बाहेरची बाजू म्हणजे बचावपटूचा फोरहँड. हीच सवय त्याने डावीकडे आणली. विंगरला बाहेर वाट दिली की तो थेट बॅकलाइनपर्यंत, म्हणजे गोलपोस्टच्या रेषेपर्यंत, पोचतो, तिथून चेंडू मागे काढतो, आणि डीमध्ये गोलाकडे तोंड करून परतणाऱ्या बचावपटूंच्या पायांना तो लागतो. पायाला लागला की पेनल्टी कॉर्नर. पहिल्या अर्ध्यात त्यांनी दिलेले कॉर्नर एकाच कोपऱ्यातून आले, आणि त्यातल्या एकाही वेळी पोराची टॅकल चुकली असं म्हणता येणार नाही. तो टॅकलपर्यंत पोचायच्या आधीच काम झालेलं असायचं.

दुसरी गोष्ट मुरुमाची. टर्फवर चेंडू जमिनीला चिकटून येतो, तिथे डाव्या हाताने काठी झटकन पुढे खुपसून जॅब करता येतो. मुरुमावर चेंडू अर्धा इंच उडाला की जॅब त्याच्या खालून जातो, वजन पुढच्या पायावर पडलेलं असतं आणि विंगर निघून गेलेला असतो. इथे ब्लॉकच हवा. गुडघे वाकवून, डावा हात जमिनीजवळ आणून, काठी आडवी टाकायची. म्हणजे उडालेला चेंडूही दांड्यावर अडतो. पोरगा टर्फवरच्या शिबिरातून आलेला, त्यामुळे जॅब फार. मांडवातल्या एकालाही हे दिसलं नाही, आणि मांडवातूनच ‘अरे मार ना त्याला’ असा सल्ला येत होता.

मध्यंतरात प्रशिक्षकाने उपाय केला: डावा हाफ दहा पावलं मागे. भगदाड बुजलं, पण त्याची किंमत लगेच दिसली. डावीकडे पास घ्यायला कोणी उरलं नाही. गोलीने अडवलेला प्रत्येक चेंडू उजवीकडेच काढावा लागला, आणि समोरच्या संघाने तीन पोरं तिकडे उभी करून तो परत हिसकावला. चेंडू पुन्हा डीमध्ये. बचाव वाईट म्हणून गोल होतात असं आपण म्हणतो. पुष्कळदा चेंडू बाहेर काढायची वाट नसते म्हणून होतात.

मग तो पेनल्टी कॉर्नर आला, ज्याच्यासाठी ही सगळी पोस्ट लिहायला घेतली.

पेनल्टी कॉर्नरला बचावाचे गोलीसकट पाच जण बॅकलाइनच्या मागे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेंडू पोस्टपासून दहा मीटरवरच्या खुणेवरून आत ढकलला जातो, तो डीबाहेर गेल्यावरच आत आणून गोलावर मारता येतो. तोपर्यंत पाचांपैकी पहिला रनर सुसाट सुटतो आणि मारणाऱ्याच्या अंगावर जाऊन कोन कापतो. वरच्या दर्जाच्या हॉकीत ढकलण्यापासून फटक्यापर्यंत साधारण दीड सेकंद मिळतो. मुरुमावर थोडा जास्त, कारण चेंडू थांबवतानाच नाचतो. म्हणून तिथे ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू काठीवर ओढत नेऊन भिरकावणं, कोणी करत नाही, सरळ हिट मारतात. आणि पहिला फटका हिट असेल तर तो गोलरेषेवर ४६० मिलिमीटरच्या वर असून चालत नाही, म्हणजे गोलफळीच्याच उंचीत हवा. थोडक्यात, मुरुमावरच्या रनरला तोंडावर चेंडू येण्याची धास्ती कमी आणि रिबाउंडची जास्त.

हा रनरही आधी आप्पाच असायचा. त्याच्या जागी तोच नवा पोरगा. उभा राहिला तोच चुकीचा: नजर ढकलणाऱ्याच्या खांद्यावर. ढकलायच्या तयारीत त्याचा खांदा जरा हलला, चेंडू नाही हलला. पोरगा सुटला. शिट्टी. नियम असा की बचावपटू चेंडू हलायच्या आधी सुटला तर त्याने मध्यरेषेपलीकडे जायचं आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. उरले चार. पुन्हा कॉर्नर. आता दुसरा रनर पहिला झाला, आणि तो एवढा घाबरलेला की या वेळी उशिरा निघाला. चेंडू डीच्या टोकावर थांबला, फटका बसला, गोलीने पॅडने अडवला. पण गोलीच्या उजव्या हाताला, जिथे रिबाउंड पडला, तिथे कोणीच नव्हतं. तिथला माणूस तर पन्नास मीटरवर, मध्यरेषेपलीकडे कमरेवर हात ठेवून उभा.

गोल झाल्यावर मांडव गोलीला शिव्या देत होता. आप्पा खुर्चीवरून उठला नाही. फक्त एवढंच म्हणाला, “भाऊ, चेंडू बघा. माणूस नका बघू.” हे रनरसाठी होतं. ज्याला सांगायचं तो मात्र ऐकू येण्याच्या पलीकडे होता.

इथे पॅरिस आठवल्याशिवाय राहिलं नाही. ४ ऑगस्ट २०२४, ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, आणि भारत उरलेला सामना दहा जणांत खेळला. १-१ बरोबरी, शूटआउटमध्ये ४-२. दोन दिवसांनी जर्मनीविरुद्ध निलंबनामुळे रोहिदास नाही, पण मैदानात अकरा जण पूर्ण. भारत २-३ हरला. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर, गोन्झालो पेयाचा, आणि रोहिदास हा भारताचा पहिला रनर. एका गोलावरून सगळं सिद्ध होत नाही, जर्मनीचा संघही तगडा होता. पण दहा जण खेळतात तेव्हा प्रत्येकाला भोक कुठे आहे ते दिसतं आणि जो तो दोन पावलं सरकतो. अकरा जण असले की जागा भरलेली दिसते आणि कोणी सरकत नाही. भुसावळला डावीकडे तेच चाललं होतं.

भारताचा गोली श्रीजेश, त्याच्या निवृत्तीनंतरही आपण असंच मोजत बसलो. स्पेनविरुद्धचा कांस्यपदकाचा सामना २-१ जिंकून तो थांबला, त्याची १६ नंबरची जर्सीही निवृत्त केली, आणि नवा गोली म्हणून पाठक चांगला की करकेरा यावर वाद सुरू झाले. जून २०२५मध्ये प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात सलग ७ सामने हरलो, बहुतेक एकेका गोलाने, तेव्हा बोटं गोलीकडे गेली. सप्टेंबरमध्ये राजगीरला आशिया चषक जिंकला, अंतिम सामन्यात कोरियाला ४-१, की बचाव एकदम भक्कम ठरला. त्या स्पर्धेत भारताने ९ गोल खाल्ले, त्यातले ५ पहिल्याच दोन सामन्यांत, चीनकडून ३ आणि जपानकडून २. कझाकस्तानविरुद्धचा १५-० सरासरी सुंदर करतो आणि बचावाबद्दल काही सांगत नाही. बघायचं ते हे: प्रतिस्पर्धी डीमध्ये किती वेळा शिरला, कोणत्या बाजूने, आणि शिरला तेव्हा आपले किती जण चेंडूच्या मागे होते. हे तीन आकडे वहीत टिपायला कुंपणाजवळचा कोणताही पोरगा पुरतो. गुणफलकावर ते कधीच नसतात.

गतविजेते तो सामना ३-२ जिंकले. म्हणून मांडव खूश होऊन चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात गारठा होता, आणि तिथे सरावाला सात-आठ पोरं नि आप्पा. आप्पाने साइडलाइनपासून पाच पावलं आत फक्कीची रेघ मारून घेतली, तेवीस मीटरच्या रेषेपासून बॅकलाइनपर्यंत. पोराने रेघ आणि साइडलाइन यांच्या मधे राहायचं, विंगरला रेघ ओलांडून आत यायला लावायचं. काठी वापरायची नाही, नुसते पाय. आप्पा मूळचा अमळनेरकडचा, रेल्वेच्या नोकरीने इथे आलेला. चिडला की अहिराणीवर येतो. “मजार येऊ दे त्याले, मजार!” म्हणजे आत. पोरगा दर तिसऱ्या वेळेला तरी सवयीने बाहेरची वाट उघडायचा. अर्ध्या तासाने ते पाचव्या-सहाव्या वेळेवर आलं. मग काठ्या घेतल्या, जॅब बंद, फक्त ब्लॉक. मग रनरचं: ढकलणारा खांदे हलवून खोटं खोटं ढकलणार, पोराने हलायचं नाही. खोट्यावर हलला की मैदानाला एक फेरी. फेऱ्या पुष्कळ झाल्या. एवढी मेहनत मी बड्या स्पर्धांच्या सराव मैदानांवरही बघितलेली नाही, आणि चहा विचारल्याशिवाय मला तिथून सोडलं नाही, ते वेगळं.

उपांत्य सामन्यात डावी बाजू जवळजवळ बंद झाली. विंगर आत येत होता आणि सेंटर हाफच्या काठीवर सापडत होता. पण आता उजवा फुलबॅक, आधीच्या सामन्याच्या धसक्याने, कव्हर द्यायला डीच्या मध्याच्याही पलीकडे येऊन बसत होता. डावीकडचं माणूस जागेवर आहे यावर त्याचा अजून विश्वास नव्हता. समोरच्या संघाला हे कळायला एक क्वार्टर लागला. मग त्यांनी चेंडू डावीकडून उजवीकडे फिरवला, आणि पेनल्टी कॉर्नर दुसऱ्या कोपऱ्यातून यायला लागले.