उत्तिरमेरूर: आधी जमीन, मग चिठ्ठी

कांचीपुरमला आलेले बहुतेक जण देवळं आणि रेशमी साड्या उरकून परत फिरतात. मी दुकानांना टांग मारली आणि सकाळच्या बसनं उत्तिरमेरूर गाठलं. तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे भातखाचरं, मधूनच एखादा ऐसपैस तलाव.

'भारतीय लोकशाहीचं माहेरघर' हे या गावाचं कौतुक इतक्यांदा ऐकलं होतं की एकदा मूळ कागद (म्हणजे दगड) बघायचाच होता. वैकुंठ पेरुमाळचं देऊळ तसं लहानच. पण जोत्याच्या भिंतीवर तमिळ अक्षरं दाटीवाटीनं कोरलेली, बोट फिरवावंसं वाटावं इतकी रेखीव. मला तमिळ येत नाही. भाषांतर फोनमध्ये घेऊन गेलो होतो.

लेख चोळ राजा परांतक पहिल्याच्या काळातले, इ.स. 919 आणि 921 चे. गावसभेच्या समित्यांवर माणसं कशी निवडायची, याचे नियम त्यांत आहेत. गावाचे तीस विभाग, त्यांना कुडुंबू म्हणत. प्रत्येक विभागातल्या पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकायची. मडकं सगळ्यांना दिसेल असं वर धरायचं आणि ज्याला यातलं काही कळत नाही अशा पोरानं चिठ्ठी काढायची. ती घेणाऱ्यानं पाची बोटं फाकवून उघड्या तळहातावर घ्यायची! हातचलाखीचा अनुभव गाठीशी असल्याशिवाय असा नियम सुचत नाही. निवडलेले लोक वर्षभर समित्यांवर: बागांची वेगळी, तलावाची वेगळी.

इथवर सगळे सांगतात. पण मडक्यात नाव कुणाचं पडणार? सारा भरणारी पाव वेलीहून (वेली हे तिकडचं जमिनीचं माप) जास्त जमीन हवी, म्हणजे आपल्या हिशेबानं दीड एकराच्या वर. घर स्वतःच्या जागेवर हवं. वय पस्तीस ते सत्तर. शिवाय वेद यायला हवा. एक वेद आणि एक भाष्य येत असेल तर अर्धा पाव वेलीवर भागायचं. थोडक्यात, सातबाऱ्यावर नाव नाही त्याचं चिठ्ठीवरही नाही. मुळात हे गावच पल्लवांच्या काळातलं ब्रह्मदेय, ब्राह्मणांना दान दिलेलं चतुर्वेदिमंगलम. सभा त्यांचीच. खाचरात राबणाऱ्यांचा आणि बायकांचा तिथं प्रश्नच नव्हता. आणि हे नियम ठरताना राजाचा अधिकारी सभेत हजर होता, हेही त्याच लेखात आहे. त्यामुळे याला लोकशाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जमीनदारांनी आपापसात सत्ता चोख वाटून घेण्याची पद्धत म्हणा, हवं तर.

चोख मात्र खरीच. समितीवर राहून हिशेब न देणारा बाद, आणि त्याच्यासोबत मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मामा, काका, सासरा, मेहुणा, भाचा, जावई सगळे बाद. सोबतच्या रिक्षावाल्या अण्णांना ही यादी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ऐकवली, तर ते पोट धरून हसले. "आमच्या वॉर्डात मग उभं राहायला कोण उरणार?" म्हणाले.

जायचं असेल तर सकाळीच जा. दुपारी दगड तापतो आणि भिंतीजवळ उभं राहवत नाही. गावातलंच सुंदरवरद पेरुमाळचं तीन मजली गाभाऱ्यांचं देऊळही चुकवू नका.