सात ते साडेआठ

मागच्या महिन्यात बाबांना दोन रात्री दवाखान्यात ठेवलं होतं, बीपी एकदम वाढलं म्हणून. मी त्यांच्या शेजारीच होते स्टुलावर, पण खरं सांगायचं तर मोबाईलमध्ये होते. भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझा हात फोनकडेच जातो, कंटाळा आला तरी जातो, कुणाशी वाजलं तरी जातो, रडू यायला लागलं की तर आधी तिकडेच. रील्स बघत होते, आता त्यातलं एकही आठवत नाही. मधेच बाबा काहीतरी बोलले. मी जरा वेळाने मान वर केली, "काय म्हणालात बाबा?" तर म्हणाले, "काही नाही गं, बघ तू."

घरी आल्यावर विचारलं, तर त्यांना आठवतच नव्हतं. मला मात्र अजून झोपताना ते आठवतं.

सगळे व्यसन म्हणतात, पण माझं तसं नाहीये. मला फोन हवा असतो असं नाही, आत जे होतंय ते नको असतं.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे ना, कडेगाव तालुक्यातलं, तिथे 2022 मध्ये गावाने मिळून ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत घराघरात टीव्ही मोबाईल बंद. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शाळेसाठी पोरांच्या हातात फोन आले ते सुटेनात म्हणून. बातमी वाचून मी तेव्हा नुसती फॉरवर्ड केली होती. आता कळतंय भोंगा का लागतो, एकट्याने ठरवून फोन खाली राहत नाही हो.

आमच्याकडे आई सातला दिवा लावते, तेव्हाच मी फोन बंद करून फडताळात साखरेच्या डब्यामागे ठेवते. पहिले चार दिवस फार जड गेले, फोन जवळ नसताना मांडीला व्हायब्रेशन जाणवायचं, छातीत धडधडायचं.

परवा बाबांबरोबर शेंगा सोलत बसले होते आणि ते आपणहून 72 च्या दुष्काळाचं बोलायला लागले. आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचे, तिथे सुकडी मिळायची, त्यातली निम्मी खिशात ठेवायचे, घरी आत्या लहान होती म्हणून. एवढं सांगून थांबले, शेंग तशीच हातात. मी म्हटलं, मग?

साडेआठ कधीच वाजून गेले होते, मी उठले नाही.