म्यूटवरची जपमाळ

मागच्या रविवारी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेच्या, अर्धा तास आधीच पोहोचले. भक्ती वगैरे काही नाही, ट्रामचं वेळापत्रक बदललं होतं आणि बाहेर पाऊस होता. आत पहिल्या दोन बाकांवर आठ-नऊ माणसं जपमाळ म्हणत बसली होती. मीही मागे बसून खिशातली माळ काढली. तिसरं रहस्य, म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग मनात धरून म्हणायच्या दहा मण्यांचा तिसरा टप्पा, संपलं तशी पुढची एक म्हातारी बाई वळली. तिने माझ्या हातातली माळ पाहिली आणि म्हणाली, "पुढचं तू घे. तुझ्या भाषेत."

पुढे काय झालं ते सांगते, पण आधी म्यूटचं प्रकरण सांगायला हवं. त्याशिवाय त्या पाच मिनिटांत माझी एवढी तारांबळ का उडाली ते कळणार नाही.

आमच्या घरी जपमाळ साडेसातला. पाहुणे असोत, लाइट गेलेली असो, साडेसात म्हणजे साडेसात. घरी असताना मी जपमाळेसाठी वेळ काढला असं कधी झालंच नाही. वेळ आईने काढून ठेवलेला असायचा, मी फक्त तिथे असायचे. तेही कित्येकदा तोंड पाडून, परीक्षेच्या दिवसांत मांडीखाली वही दडवून. इथे युरोपात आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईने ठरवून टाकलं की मीही रोज व्हिडिओ कॉलवर असायचं. मूर्तीच्या पायाशी मोबाइल टेकवला की झालं.

आता ज्यांनी घरात जपमाळ म्हटली आहे त्यांना तिची रीत माहीत आहे. एकाने 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी 'पवित्र मारिये'पासून पुढचा. एका माळेत असं 53 वेळा, सुरुवातीचे तीन आणि मग पाच रहस्यांचे दहा-दहा. यातली गंमत अशी की कॉलवर आवाज सेकंदभर उशिरा पोहोचतो. गप्पा मारताना हा सेकंद जाणवतही नाही, जपमाळेत मात्र तो सगळं उधळून लावतो. आईचा अर्धा भाग माझ्यापर्यंत येतो, मी 'पवित्र मारिये' सुरू करते, ते तिकडे पोहोचेपर्यंत पप्पा आणि भाऊ निम्म्यावर आलेले असतात. माझं 'आमेन' नेमकं आईच्या पुढच्या 'नमो'वर जाऊन आदळतं. आई थांबते, मग सगळेच थांबतात, मग सगळे एकदम सुरू होतात. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्यामुळे आजी मोजायची चुकते." आईने जरा गोड शब्दांत सांगितलं, "बाळा, तू म्यूट करून म्हण. देवाला ऐकू येतंच की."

देवाला येतं, हे मला मान्य आहे. पण गेली चार वर्षं मी माझ्याच घरच्या जपमाळेत म्यूटवर आहे, आणि हे कुणाला सांगायला गेलं की हसू येतं. म्यूटवर प्रार्थना करून बघा एकदा. पहिले काही दिवस ओठ हलतात, नंतर नुसती बोटं. मग एक दिवस आई तिसऱ्या रहस्यावर असते आणि आपण दुसऱ्या टॅबमध्ये वीजबिल भरत असतो. कॅमेऱ्यात चेहरा मात्र भाविक दिसतो. हे पाप कन्फेशनमध्ये कोणत्या नावाने सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यात घड्याळ. तेराव्या लिओ पोपनी 1883 मध्ये पत्रक काढून ऑक्टोबर महिना जपमाळेला वाहिला, आणि त्याच ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. उन्हाळ्यात तिकडचे साडेसात म्हणजे माझे दुपारचे चार. लॅबमधली माझी शिफ्ट साडेतीनला संपते, धावतपळत का होईना घर गाठते. ऑक्टोबर सरला की तेच साडेसात माझ्या तीन वाजता येतात, म्हणजे नमुने मशीनमध्ये आणि मी हातमोज्यांत. इथले सगळे त्या रविवारी खूश असतात, एक तास झोप फुकट मिळाली म्हणून. माझा तास तेव्हाच जातो आणि मार्च संपेपर्यंत परत येत नाही. आईला म्हटलं, हिवाळ्यापुरतं साडेआठ करूया. तिचं उत्तर तयार होतं, "साडेआठला तुझे पप्पा पहिल्या रहस्यातच घोरतात."

तेव्हापासून हिवाळ्यात माझी माळ तुकड्या-तुकड्यांत होते. एक रहस्य ट्राममध्ये, एक लॅबच्या जिन्यावर, एक कपडे मशीनमधून निघेपर्यंत. दहा दाण्यांची अंगठी घेतली होती, पण लॅबमध्ये दागिना चालत नाही, मग हाताची बोटं. बोटंही दहाच असतात, हे मला त्याआधी कधी सुचलं नव्हतं. यावर तोंड वाकडं करणाऱ्यांना मी आयर्लंडची गोष्ट ऐकवते. तिथे कॅथलिकांवर कडक कायदे होते त्या काळात लोक एकाच दशकाची, म्हणजे दहा मण्यांची, छोटी माळ अस्तनीत लपवून ठेवत. तिच्या टोकाला कडी असे. दहा मणी झाले की कडी अंगठ्यातून पुढच्या बोटात, असं करत पाचव्या बोटाला माळ पूर्ण. त्यांच्यामागे शिपाई होते आणि माझ्यामागे फक्त शिफ्टचा बोर्ड, हा फरक मला कळतो. तरी गोष्ट ऐकवतेच.

आजीला हे तुकडे पसंत नाहीत. तिच्या मते मध्ये उठलं की पहिल्यापासून. मी नियम शोधून ठेवला आहे. पाच दशकं सलग म्हणायची अट पूर्ण दंडमाफीसाठी, म्हणजे पापांच्या शिक्षेतून चर्च देतं त्या माफीसाठी, आहे, आणि त्यासाठी ती चर्चमध्ये किंवा कुटुंबासोबत वगैरे म्हणावी लागते. एकट्याने जिन्यावर म्हटलेलीही फुकट जात नाही, तिची माफी अंशतः का होईना असते. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गुरुवारी कोणती रहस्यं म्हणतेस?" हा तिचा जुना वाद. आनंद, दुःख, गौरव असे रहस्यांचे संच वारांप्रमाणे ठरलेले असतात. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी 16 ऑक्टोबर 2002 च्या पत्रात प्रकाशाची रहस्यं सुचवली आणि गुरुवार त्यांना दिला. आजीचा गुरुवार अजून आनंदाच्या रहस्यांचाच आहे. तीही नियम आपल्या सोयीनेच पाळते, हे मी तेव्हा बोलून दाखवलं नाही.

ज्यांना वाटतं मनापासून असलं की वेळ आपोआप मिळतो, त्यांच्यासाठी लिझ्यूची संत तेरेझा. चर्चने आचार्यपद दिलेली ही संत, आणि तिने लिहून ठेवलंय की एकटीने जपमाळ म्हणणं तिला प्रायश्चित्ताचं साधन अंगावर घालण्यापेक्षाही जड जातं. कितीही प्रयत्न केला तरी मन ठरत नाही म्हणून. हे वाचलं त्या दिवशी वीजबिलाचं ओझं बरंच हलकं झालं. सहाव्या पॉल पोपनी 1974 मध्ये याच्या उलट बजावलंय की मननाशिवाय जपमाळ म्हणजे आत्म्याशिवाय देह. ते वाक्य मी वाचलं आणि पान उलटलं.

इथल्या लोकांबद्दल माझी एक तक्रार आहे. लॅबमधली एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत कानात बटणं घालून वीस मिनिटं श्वास मोजते. दार हळू लावा, ती ध्यान करतेय, असं सगळे एकमेकांना सांगतात. त्यासाठी ती महिन्याला पैसे भरते. माझी माळ वीस मिनिटांचीच, फुकट, वर त्यात गोष्टीही आहेत, जन्म आहे, दुःख आहे. पण ती दिसली की प्रश्न येतो, "रोज तेच, पन्नास वेळा?" हो, रोज तेच. तूही रोज तोच श्वास घेतेस ना, असं म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही, कारण गेल्या आठवड्यात तीन वाजता माझे उरलेले नमुने तिनेच लावले आणि मला जिन्याकडे जा म्हणून खुणावलं. तिचं म्हणणं, "तुझे पन्नास होऊन जाऊ दे." त्यामुळे ही तक्रार मी अर्धवट सोडते.

तर रविवार. गौरवाचं चौथं रहस्य माझ्याकडे आलं. मी उभी राहिले आणि लक्षात आलं की मी आयुष्यात कधी पहिला अर्धा भाग म्हटलेलाच नाही. घरी सांगणारी आई, उत्तर देणारी मी, आणि गेली चार वर्षं तर तेही आवाज न काढता. जिन्यावर पुटपुटताना दोन्ही अर्धे एकाच दमात जातात, तिथे थांबायचं कुठे हा प्रश्नच येत नाही. इथे मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'ला, म्हणजे दर रहस्याआधीच्या मोठ्या मण्यावरच्या प्रार्थनेला, बरी सुरुवात केली, आणि पहिल्याच नमो मारियाला सवयीने सरळ 'पवित्र मारिये'मध्ये घुसले. बाकावर शांतता. म्हातारीने हात थोडा खाली करून दाखवला, सावकाश. मी पुन्हा सुरू केलं आणि अर्ध्यावर जीभ चावून थांबले.

आणि उत्तर आलं. म्हातारीचं तिच्या भाषेत, शेजारच्या माणसाचं पोलिशमध्ये, मागून बहुतेक पोर्तुगीज. शब्द कुणाचेच जुळत नव्हते, पण 'आमेन' साधारण एकत्र पडत होतं. एकाला जरा उशीर होत होता. त्याचं संपेपर्यंत सगळे थांबत होते, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. एवढ्याशा गोष्टीने माझा आवाज भरून आला, आणि त्या नादात मी मोजायला चुकले. दहाच्या जागी अकरा झाले. अकराव्यालाही त्यांनी तितक्याच निमूट उत्तर दिलं.

त्याच दुपारी तीनला, सुट्टी असल्यामुळे घरूनच, कॉल लावला. म्हटलं, आज चौथं रहस्य मी सांगणार. आई जरा गडबडली, मग म्हणाली, "बरं. मग आम्ही म्यूट होतो." खटकन तिकडचा आवाज गेला. मी एकटीच मोठ्याने माझा अर्धा भाग म्हणत होते आणि पडद्यावर चार जणांचे ओठ हलत होते. पप्पांचे भराभर, आजीचे सगळ्यांच्या शेवटी. आजीचे थांबले की मी पुढचं घ्यायचं, असं दोन-तीन मण्यांत जमून गेलं. भाऊ मध्येच कॅमेऱ्याबाहेर पाहत होता, बहुधा मोबाइलमध्ये. मी अकराव्याला तोंड उघडणार तेवढ्यात आजीने माळ उचलून कॅमेऱ्यासमोर धरली आणि मोठा मणी बोटाने दाखवला.