लिक्विड स्क्रीडचा भाव विचारताना आधी मिलिमीटर विचारा : माझा अनुभव

घराच्या जमिनीसाठी लिक्विड स्क्रीडचे (ओतला की आपोआप सपाट होणारा पातळ माल) भाव काढायला निघालात तर जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक दुकानात एकच उत्तर मिळतं : "स्क्वेअर फुटाला इतके." किती मिमी जाडीचे, हे विचारलं की समोरचा वैतागतो. "भाऊ, भाव सांगून राह्यलो ना, मिमीचं काय करता?" मिमीचंच तर करायचं असतं! जाडीशिवाय सांगितलेला भाव म्हणजे शेताची लांबी सांगून रुंदी न सांगणं. अशी चार कोटेशनं समोर ठेवली तरी त्यात स्वस्त कोणतं, हे देवालाही सांगता येणार नाही.

हिशेब अवघड नाही. १ चौरस मीटरवर १ मिमी थर म्हणजे १ लिटर माल. सिमेंटची सेल्फ लेव्हलिंग पावडर, म्हणजे आपल्याकडे लिक्विड म्हणून पाण्यात कालवून ओततात ती, त्यासाठी साधारण १.६ ते १.८ किलो लागते. नेमका आकडा बॅगेवर छापलेला असतो. १० बाय १२ ची खोली १२० चौरस फूट, म्हणजे ११.१५ चौरस मीटर. १.७ किलो धरले तर ३ मिमीला ५७ किलो, म्हणजे २५ किलोच्या ३ बॅगा. बॅग हजार रुपयांची धरा (तुमच्या तालुक्याचा भाव तुम्ही घाला), तर मालाचे फुटाला २५ रुपये. दुकानदार जो आकडा तोंडावर फेकतो, तो बहुतेक याच ३ मिमीचा असतो.

आता तुमचा कोबा ३ मिमीत बसतो का, ते बघा. भिंतीवर एक मीटर उंचीवर खूण करा, लेव्हल पाईपने ती चारही भिंतींवर न्या, दोरी ताणा आणि दोरीपासून जमिनीपर्यंत नऊ ठिकाणी माप घ्या : चार कोपरे, चार भिंतींचे मध्य आणि खोलीचा मध्य. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी मापं खोटी ठरतात, म्हणून दोन्ही टोकं आधी एकत्र धरून पाणी जुळतं का ते पाहायचं. गावाकडच्या कोब्यावर अशी मापं येतात : सगळ्यात उंच जागी १००० मिमी, बाकी ठिकाणी १००३, १००५, १००६, १००६, १००७, १००८, १००९ आणि सगळ्यात खोलगट कोपऱ्यात १०१०. सरासरी खोलगटपणा ६ मिमी. उंच जागीही किमान ३ मिमी थर हवाच, म्हणजे सरासरी ९ मिमी. त्याच खोलीला आता १७१ किलो, ७ बॅगा. फुटाला २५ चे ५८ झाले, आणि यात प्रायमर, मजुरी, जीएसटी, गाडीभाडं काहीच नाही.

ही मापं हातात असली की दुकानातलं बोलणं बदलतं. कागदावर एवढंच लिहून मागायचं : सरासरी ९ मिमीला किती बॅगा, प्रायमर किती लिटर आणि किती हात, जीएसटी धरून की वेगळा, माल गावात उतरवून की दुकानातून, आणि बॅगा वाढल्या तर कोणत्या भावाने. शेवटचा मुद्दा कोटेशनमध्ये कधीच नसतो. काम अर्ध्यावर असताना माल संपला की तालुक्यावरून दुसरी खेप येईपर्यंत ओतलेला भाग घट्ट होतो आणि खोलीच्या मधोमध सांधा दिसतो. त्या क्षणी तुम्ही भाव करत नसता. "साइटवर पाहून सांगू" म्हणणाऱ्याला मापं घ्यायला आधी बोलवा. माल घेऊन आल्यावर पाहणारा तुमच्या फायद्याचं पाहत नाही.

बॅगा कमी करायचा उपाय पावडरीत नाही, कोब्यात आहे. कोबा घालतानाच मिस्त्रीला सांगा की २ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कुठेही ठेवली तरी खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसायला नको. ४० मिमी कोब्याला १:२:४ प्रमाणात या खोलीसाठी ३ पोत्यांच्या आत सिमेंट, ७ घनफूट रेती आणि १४ घनफूट बारीक गिट्टी लागते. इतकीच जाडी सेल्फ लेव्हलिंगने भरायची म्हटली तर ७५८ किलो, ३१ बॅगा! जाडी सिमेंट-गिट्टीने भरायची, लिक्विडने फक्त वरची लेव्हल करायची. जुन्या कोब्यातले खड्डे घासून-धुऊन लेटेक्स (माल धरून ठेवणारं दुधाळ द्रव) घातलेल्या १:३ सिमेंट-रेतीच्या मालाने आधी भरून घ्या.

वर व्हिट्रिफाइड टाइल किंवा कोटा फरशी बसणार असेल तर लिक्विडचा खर्च करूच नका. टाइल मिस्त्री आपल्या मालात लेव्हल काढतोच. व्हिनाइल, लाकडी फ्लोअरिंग किंवा इपॉक्सी (दोन रसायनं मिसळून ओतायचा चकचकीत थर) असेल तरच याचा उपयोग.

प्रकारांचं थोडक्यात. युरोपात जे ट्रकने येऊन पंपाने ओततात, ते बहुतेक कॅल्शियम सल्फेटचं, म्हणजे ॲनहायड्राइट. तिथे जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप असतात, ते त्याने छान झाकले जातात. आपल्याकडे मे महिन्यात जमीन गरम करायची हौस कोणाला? ॲनहायड्राइट ओलाव्याला नाजूक, ४० मिमीपर्यंत दिवसाला साधारण १ मिमी या वेगाने वाळतं, आणि सिमेंटचा टाइल ॲडहेसिव्ह थेट त्यावर चालत नाही, मध्ये प्रायमर लागतो. शिवाय सरकारी योजनेतलं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं. ४० मिमीने तिथे फक्त १ घनमीटर माल लागतो. तेवढ्यासाठी ६ घनमीटरचा ट्रक खेड्यात कोण पाठवेल? इपॉक्सी देखणी, पण खालचा कोबा पुरता वाळलेला हवा. जमिनीवर ४५ सेंमीचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवा, दुसऱ्या दिवशी खाली ओल किंवा काळपट डाग दिसला तर थांबा. पावसाळ्यात ही परीक्षा बहुधा नापासच होते. उरतो सिमेंटचा सेल्फ लेव्हलिंग, तोच गावात परवडणारा आणि मिळणारा.

पाण्याचं आधीच सांगायला हवं होतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी या कामाला वापरू नका. २५ किलोला ५-६ लिटर धरले तरी ७ बॅगांना ४० लिटरच लागतं. आरओच्या दोन कॅन आणा. उन्हाळ्यात थंड कॅन मिळाली तर आणखी बरं, माल लवकर आवळत नाही. नेमकं पाणी बॅगेवर लिहिलेलं असतं, ते मापाच्या भांड्यानेच घाला. मिस्त्री "जरा पातळ करू" म्हणाला की जड भाग खाली बसतो आणि वर पांढरी, नखाने निघणारी साय येते.

काळ्या मातीवर घर असेल तर हा सगळा खर्च नंतर. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि कोब्याला गेलेली भेग वरच्या ५ मिमी थरातून जशीच्या तशी वर येते. काळी माती काढून मुरूम १५-२० सेंमीच्या थरांत पाणी मारून ठोकलेला असेल, तरच पुढे जा.

ओतायचं काम पहाटे. बहुतेक बॅगांवर ३५ अंशांची मर्यादा असते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ती सकाळी दहालाच ओलांडली जाते. कूलर, पंखा बंद, खिडक्यांना पडदे. ड्रिलवर चालणारं मिक्सर असेल तर लाइनचं वेळापत्रक बघा किंवा जनरेटर ठेवा, कारण कालवलेला माल २०-३० मिनिटांतच वापरावा लागतो. दाराच्या उंबऱ्याला पट्टी, भिंतीलगत फोमची पट्टी, मोरीचं भोक आणि वायरचे पाइप बुजवलेले. पाण्यासारखा माल सापडेल त्या भोकातून निघून जातो. कोबा फार शोषत असेल तर प्रायमर दोन हात, नाहीतर खालची हवा वर येऊन जमिनीवर टाचणीएवढी भोकं पडतात. अडकलेली हवा काढणारा काट्याचा रोलर ओतल्याबरोबर फिरवायचा, घट्ट व्हायला लागल्यावर नाही.

बॅगेवरची तयार केल्याची तारीख दुकानातच वाचा. पावसाळाभर गोदामात पडलेल्या बॅगेत दाबल्यावर न फुटणारे खडे लागतात. आणि दुसऱ्या सकाळी मिस्त्री सवयीने पाइप घेऊन पाणी मारायला आला तर त्याला दारातच थांबवा. पाणी कोब्याला किमान सात दिवस मारायचं असतं, याला नाही.