दादरपर्यंत

डोंबिवलीहून पहाटेची स्पेशल लोकल पकडली, तेव्हा डबाभर छातीला बिब लावलेले धावपटू आणि त्यांच्यात मामा एकटाच स्वेटरमध्ये. "मी दादरपर्यंतच येतो हं," हे त्याने रात्रीच सांगून ठेवलं होतं.

सीएसएमटीला मामा 2008 नंतर गेलेला नाही. 26 नोव्हेंबरच्या रात्री फोर्टातलं ऑफिस सुटल्यावर तो तिथे लोकलची वाट बघत होता. पहिल्या गोळ्या त्याला फटाके वाटल्या. उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून मागच्या बाजूने बाहेर पडा असं सांगत होते, ते ऐकून तो पळाला. स्टेशनात 50हून जास्त माणसं गेली. मामाला साधा ओरखडाही नव्हता आणि तेच त्याच्या मुळावर आलं. 'तुला काही झालं नाही ना, मग विसर आता,' असं आम्ही घरचेच म्हणत राहिलो. तो भिंतीला पाठ टेकवून बसल्या बसल्या झोपायचा. दिवाळीत कानात कापूस. नोकरी सुटली. सात वर्षांनी एका संस्थेतल्या समुपदेशक ताईंनी हा मानसिक आघात आहे, यावर उपचार आहेत, हे त्याला आणि आम्हालाही समजावलं. दीड वर्ष दर बुधवारी तो जात होता. संस्थेने एक रुपयाही घेतला नाही.

त्या संस्थेसाठी मी यंदा मुंबई मॅरेथॉन धावले. 71,300 रुपये जमले. एका देणगीसोबत नाव नव्हतं, फक्त 'माटुंगा रोड, 11 जुलै 2006' एवढंच लिहिलं होतं. लोकल बॉम्बस्फोटांचा दिवस. किती वेळा वाचलं ते मी.

दादर आलं. फलाटावर उद्घोषणा सुरू झाली तसे मामाने तळवे पँटला पुसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उतरला.

सीएसएमटीची इमारत दिव्यांनी उजळली होती. पाचला आम्ही सुटलो. मरीन ड्राइव्ह अंधारातच मागे पडला. सी लिंक मात्र मनात राहील: 5.6 किलोमीटर, एरवी पायी जायची बंदी, दोन्हीकडे पाणी आणि हजारो बुटांचा एकच आवाज. माहीमला वळल्यावर ती देणगी आठवली. माटुंगा रोड इथून किती जवळ! पाय आपोआप जोरात पडायला लागले.

शिवाजी पार्कला लेझीम, ढोल, चिक्की वाटणाऱ्या आज्या. त्या गर्दीत, त्या ढोलांच्या आवाजात, मामा उभा! हातात सोललेलं संत्रं, वर मीठ भुरभुरलेलं.
"कानात कापूस आहे का रे?" मी ओरडले.
त्याने मान हलवली. नव्हता.

पुढे पेडर रोडचा चढ, पस्तीस किलोमीटरच्या आसपासचा. तो बराचसा चालतच काढला. 42.195 किलोमीटर, 5 तास 38 मिनिटं. मेडल गळ्यात पडल्यावर पहिला फोन मामाला.

"झालं? शाब्बास गं पोरी! हळूहळू ये. दादरला इंडिकेटरखाली थांबलोय."