अलेघेनीतला मोसम: गर्दीच्या सांदीतली जागा

वायव्य पेनसिल्व्हेनियातलं अलेघेनी नॅशनल फॉरेस्ट पाच लाख एकरांहून मोठं आहे. तरी रायफलने हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे ओपनिंग डेला, प्रत्येक गेटपाशी पिकअप उभे. २०१९ पासून हा दिवस थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी येतो, त्यामुळे सुट्टीला घरी आलेली सगळी मंडळी रानात असतात.

यंदा हरणांच्या आधी माणसांचा माग काढला. सप्टेंबरपासून नकाशावर पार्किंगच्या जागा, गेट आणि लाकूडतोडीचे जुने रस्ते मांडत गेलो. बहुतेक जण याच रस्त्यांनी चालतात आणि चढ सोपा असेल तिथे बसतात. ते सगळं वजा केल्यावर उरलेल्या जागांपैकी कित्येक रस्त्याला अगदी लागून निघाल्या. गर्दी टाळायला मैलोन् मैल आत जावं लागतं, हे मला आता पटत नाही.

माझी जागा ओढ्यापलीकडे होती. गुडघाभर पाणी, समोर घसरडी दरड आणि वर माउंटन लॉरेल या सदाहरित झुडपाची गच्च जाळी. त्या जाळीत कमरेइतक्या उंचीचा बोगदाच पडलेला: खाली ताज्या लेंड्या, कडेच्या फांदीला अडकलेले करडे केस. हरणं इथून रोज जात होती, माणसाच्या बुटाचा ठसा मात्र एकही नव्हता.

इथे वाऱ्याचं भान सगळ्यात महत्त्वाचं. पहाटे थंड हवा उताराने खाली येते, म्हणून अंधारात ओढ्याकडून चढलं तर आपला वास मागेच वाहून जातो. ऊन तापलं की हवा वर सरकायला लागते. तोवर जाळीच्या वरच्या अंगाला, बाजूला जाऊन बसलेलं असावं.

शनिवारी दिवसभर दूरवर बार ऐकू येत होते. दहाच्या सुमारास गारठलेली मंडळी गाडीकडे परतायला लागली आणि तासाभरात बोगद्यातून एक छोटा नर आला. इथल्या नियमाप्रमाणे शिंगाला एका बाजूला तीन टोकं हवीत, याला ती नव्हती. जाऊ दिला. मंगळवारी भर दुपारी त्याच वाटेने मादी आली. कान मागे, रस्त्याच्या दिशेला वळवून ती थबकली. मादीचं वेगळं लायसन्स काढलेलं होतं. एका गोळीत काम झालं. खरी मेहनत पुढेच होती, ओल्या दोरीने तिला ओढ्यापार ओढत आणण्याची.

एक आग्रहाने सांगतो: आडजागी एकटे असलो तरी ऑरेंज, म्हणजे दुरून दिसणारे भडक केशरी कपडे, घालायचेच. डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच हा नियम आहे. दुसरंही कुणी तुमच्यासारखाच विचार करून तिथे आलेलं असू शकतं. आधीच कुणी बसलेलं दिसलं तर हात करून मागे फिरायचं.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीच्या ठिणगीवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुकीचा, मोसम सुरू होतो. बर्फात माग स्वच्छ दिसतो आणि माणसं फार थोडी असतात. तेव्हा ओढ्याच्या वरच्या टोकाची हेमलॉकची (सूचिपर्णी झाडांची) राई बघणार आहे.