उत्पन्न : १

मंगळवार, रात्र

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आज माझ्या डिझर्टेशनचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, परत दिला. खुणा फारशा नव्हत्या. एकच शब्द त्यांनी जिथे आला तिथे खोडला होता : 'परिणाम'. शीर्षकातला, प्रस्तावनेतला, अगदी तक्त्याच्या मथळ्यातलासुद्धा. त्याच्या जागी दुसरा शब्द मात्र कुठेच सुचवलेला नव्हता.

विचारलं तर म्हणाल्या, "'तंत्रज्ञानाचा समाजावर परिणाम' असं लिहिलं की समाज मुकाट उभा आहे आणि बाहेरून काहीतरी येऊन त्याच्यावर आदळतंय असं वाटायला लागतं. तू ज्यांच्याशी बोलते आहेस ती माणसं मुकाट उभी आहेत का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पहिल्या सत्रातल्या टेलिफोनवरच्या नोंदी काढल्या. क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या टेलिफोनचा १९४० पर्यंतचा सामाजिक इतिहास लिहिला आहे. बेल यांना पेटंट मिळालं १८७६ साली. सुरुवातीला हा धंदा उभा करणारी बरीच मंडळी तारेच्या, म्हणजे टेलिग्राफच्या, धंद्यातून आलेली. त्यांच्या लेखी फोन म्हणजे कामाचं यंत्र : मागणी नोंदवा, डॉक्टरला बोलवा, ठेवून द्या. लोक, विशेषतः बायका, त्यावर निवांत गप्पा मारतात हे कंपन्यांना यंत्राचा गैरवापर वाटायचं. आप्तांशी बोलायला फोन वापरा, असं जाहिरातींतून आवर्जून सांगायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे टेलिफोन कशासाठी आहे हे ठरायला जवळपास पन्नास वर्षं गेली, आणि ते ठरवण्यात त्या बायकांचा मोठा वाटा होता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या बोलत राहिल्या, एवढंच.

हे पुन्हा वाचताना आनंद झाला. पण गेल्या शुक्रवारपासून मनात खुपतंय ते वेगळंच आहे, आणि मॅडमच्या प्रश्नाने ते पुन्हा वर आलं.

माझ्या डिझर्टेशनसाठी मला एका कार्यालयातल्या ऑनलाइन अर्जांचा डेटा मिळाला आहे, नावं-पत्ते काढून टाकलेला. पहिले दोन महिने मी तो साफ करण्यात घालवले. 'कायमचा पत्ता' या रकान्यात काही नोंदी 'आहे', काही 'नाही' असं दाखवायच्या, आणि कितीतरी ठिकाणी नुसता एक टिंब. 'मासिक उत्पन्न' या रकान्यात शेकडो ओळींमध्ये आकडा होता १. एक! कुणाचं मासिक उत्पन्न एक कसं असेल? टंकताना झालेली चूक, असं मी वहीत लिहिलं आणि त्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. त्या गेल्यावर आलेख छान गुळगुळीत आला. मला त्याचं समाधान वाटलं होतं, हे इथे लिहून ठेवायला हवं.

शुक्रवारी त्याच कार्यालयात अर्ज भरून देणाऱ्या ताईंची मुलाखत होती. तासभर त्या नेहमीचं सांगत राहिल्या : सर्व्हर कधी चालतो, कधी अडतो, गर्दी कधी असते. मग मी सहज उत्पन्नाच्या रकान्यातल्या त्या 'एक'बद्दल विचारलं. त्या हसल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवू लागल्या.

तांबडी चांदणी असलेला रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. उत्पन्नाच्या रकान्यात अक्षर चालत नाही. शून्यही चालत नाही. आणि समोर बसलेली बाई सांगते, या महिन्यात काम मिळालं, गेल्या दोन महिन्यांत नाही, पुढचं माहीत नाही. "आता हिचं मासिक उत्पन्न मी काय लिहू? काहीही आकडा टाकला तरी ते खोटंच. म्हणून एक." आणि आत तपासणी करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. एक दिसला की ते अर्जाला जोडलेला कागद उघडून वाचतात, नाहीतर ताईंना फोन करतात. टिंबाचंही तसंच. टिंब म्हणजे पत्ता नाही असं नव्हे. पत्ता बदलत राहतो, माणसाला विचारा. असं कुठल्याही परिपत्रकात नाही. ताईंनी आणि आतल्या दोघा-तिघांनी मिळून हळूहळू ठरवलेलं आहे.

मी ज्या ओळी कचरा म्हणून फेकल्या, त्यांतच एवढं सगळं लिहिलेलं होतं.

जास्त वाईट याचं वाटतं की हे मी वाचलेलं होतं. हॅरॉल्ड गारफिंकेल या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मनोविकार बाह्यरुग्ण विभागातल्या नोंदींबद्दल लिहिलं आहे. रुग्णांच्या फाइली अर्धवट, नोंदी तुटक, संशोधकाच्या दृष्टीने निकामी. गारफिंकेल म्हणाले, या 'वाईट' नोंदींना चांगली कारणं आहेत : त्या लिहिणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिल्या आहेत, जे आतलं काम जाणतात त्यांच्यासाठी. मी त्या लेखात अर्ध्याअधिक ओळींखाली रेघा मारल्या होत्या. परीक्षेत उत्तरही लिहिलं. आणि तीच गोष्ट स्वतःच्या स्क्रीनवर आली तेव्हा ओळखली नाही, कारण ती एक्सेलच्या चौकटीत होती आणि चौकटीतल्या आकड्यावर माझा माणसापेक्षा जास्त विश्वास बसला होता.

दीड वर्षापूर्वी प्रवेश घेतला तेव्हा मला मोठ्या गोष्टींची ओढ होती : अल्गोरिदम, पाळत, लोकशाहीचं भवितव्य. सुझन ली स्टार या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये कंटाळवाण्या गोष्टींचा अभ्यास करा असं आवाहन केलं होतं, ते वर्गात ऐकलं तेव्हा मला ते थोडं कमी दर्जाचं काम वाटलं होतं. आता वाटत नाही. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य चालत नाही हे कुणीतरी एका दुपारी ठरवलं असेल, बहुधा फारसा विचार न करता, आणि तेव्हापासून त्या टेबलासमोर बसणारं प्रत्येक अनियमित आयुष्य त्या निर्णयाला येऊन अडतं.

ऑस्ट्रेलियातलं 'रोबोडेट' प्रकरण, म्हणजे यंत्राने आपोआप काढलेल्या कर्जांचं, मी सिनॉप्सिसमध्ये दोन परिच्छेदांत उरकलं होतं. ते आता पुन्हा लिहिणार आहे. २०१६ पासून तिथल्या सरकारने भत्ता घेणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न करखात्याकडून घेतलं, त्याला २६ पंधरवड्यांनी भागलं आणि प्रत्येक पंधरवड्यात तेवढी कमाई झाली असं धरलं. सहा महिने काम केलेला आणि उरलेले सहा महिने बेकार असलेला माणूस त्या हिशोबात वर्षभर कमावता दिसू लागला. मग बेकारीत घेतलेला भत्ता कर्ज ठरला. आधी अशी तफावत दिसली की कर्मचारी चौकशी करत. तो टप्पाच काढून टाकला, आणि कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी नोटीस मिळालेल्यावर आली. २०१९ मध्ये ही पद्धत न्यायालयात टिकली नाही, २०२० मध्ये पैसे परत देण्याचं सरकारने जाहीर केलं, २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. मधल्या वर्षांत नोटिशा घेऊन जगलेल्या माणसांची भीती मात्र कुठल्याच हिशोबात परत देण्यासारखी नव्हती.

भागाकार बरोबर होता. तिथे 'एक' टाकायला कुणी ताई नव्हत्या.

हे वाक्य मला डिझर्टेशनमध्ये हवं आहे. आणि इथेच मी अडले आहे. ताईंनी संमतीपत्रावर सही केली आहे, नाव येणार नाही. पण मी 'एक' चा अर्थ उघड लिहिला आणि तो कुणी वरिष्ठाने वाचला, तर काय होईल याची मला कल्पना आहे. रकाना दुरुस्त होणार नाही. एक टाकायची सोय बंद होईल : किमान आकडा अमुक, त्याखाली फॉर्म जाणार नाही. 'डेटाचा दर्जा सुधारला' असं त्याला म्हणतील. ताईंना जाब विचारतील तो वेगळाच. नाही लिहिलं, तर माझा प्रबंध पुन्हा तोच गुळगुळीत आलेख.

मॅडमना संध्याकाळी फोनवर हे सगळं सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे तू आणि मी ठरवायचं नाही. जाऊन ताईंनाच विचार. लिहिलेलं वाचून दाखव."

काढून टाकलेल्या ओळी मूळ फाइलमध्ये होत्याच. त्या आत्ता परत घेतल्या. आलेख डाव्या टोकाला एकदम उंच झाला आहे. ताईंना गुरुवारी दुपारी तीननंतर वेळ असतो, तेव्हा गर्दी ओसरते. तीन पानं छापून नेईन, आणि एक पेन.